खेळ, खेळाडू आणि खोत

मालकी म्हणजे काय, हा प्रश्न माणसापुढें प्रथम उभा राहतो तो शेतांत किंवा बाजारांत नव्हे, तर खेळांत. गोट्या, विटीदांडू, सोंगट्या, पत्ते ह्यांच्या संगतींत वाढलेल्या प्रत्येक मुलास ‘हें माझें’ आणि ‘हें तुझें’ ह्यांतील भेद शाळेंत जाण्यापूर्वींच कळलेला असतो. ह्या जुन्या खेळांतून एक अलिखित न्याय चालत आलेला आहे. सारीपाट ज्याच्या घरचा, तो खेळ संपल्यावर पट गुंडाळून घरीं नेतो. त्याबद्दल कोणाची तक्रार नसते. परंतु त्या पटावर जो डाव झाला, त्या डावाचाहि मालक पटवालाच आहे असें आजपर्यंत कोणी म्हटलें नाहीं. पट त्याचा, डाव खेळणारांचा. ही वांटणी इतकी स्वाभाविक वाटत आली कीं, तिचें समर्थन करण्याची गरजच कोणास भासली नाहीं.

आतां ती गरज उत्पन्न झाली आहे. आजच्या तरुणांचा खेळ पुष्कळसा हातांतील मोबाइलवर होतो, आणि त्याचा पट खेळणाराच्या हातीं कधींच येत नाहीं. तो दूर कोठें तरी कंपनीच्या सर्व्हरवर मांडलेला असतो. खेळणारानें बोट हलविलें कीं त्याची वार्ता तेथें जाते, तेथें तिची नोंद होते, आणि त्या नोंदीचें चित्र परत त्याच्या पडद्यावर उमटतें. म्हणजे ह्या खेळांत डाव आणि डावाची नोंद ह्या दोन वस्तु वेगळ्या राहिलेल्याच नाहींत. नोंद हाच डाव. कोणत्या दिवशीं, किती वाजतां, कोणाच्या जोडीनें खेळला. कोठें चुकला, कोठें जिंकला. कोणाशीं काय बोलला. कोणत्या वस्तूवर किती पैसे खर्चिले. हें सारें तेथें सांठत जातें. वर्षानुवर्षें खेळणारा मुलगा ह्या सांठ्याला ‘माझें खातें’ म्हणतो. परंतु आरंभीं ज्या करारावर त्यानें न वाचतां ‘मान्य’ म्हणून बोट ठेविलें, त्यांत बहुधा असें लिहिलेलें असतें कीं, खातें, त्यांतील वस्तु आणि त्यांची नोंद हीं सर्व कंपनीचीं असून खेळणारास केवळ वापरण्याची परवानगी आहे, आणि ती परवानगी कंपनीस केव्हांहि काढून घेतां येईल. मुलगा ‘माझें’ म्हणतो आणि करार ‘आमचें’ म्हणतो. ह्यांपैकीं नीतीच्या दृष्टीनें खरें कोणाचें, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा वाद केवळ काल्पनिक नाहीं. ‘पबजी मोबाइल’ हा शंभर जणांनीं एका वेळीं खेळावयाचा युद्धखेळ २०१८ सालापासून आपल्या देशांत झपाट्यानें पसरला. शहरांचें तर सोडाच, पण संगमेश्वर-राजापूरकडील वाड्यांतूनहि, जेथें जेथें मोबाइलला बरी रेंज मिळाली, तेथें तेथें मुलांच्या तोंडीं ह्याचीच भाषा होती. पुढें २ सप्टेंबर २०२० रोजीं भारत सरकारनें देशाच्या सुरक्षिततेचें कारण देऊन ११८ ॲपांवर बंदी घातली, त्यांत हा खेळ होता. आणि त्याच वर्षीं ३० ऑक्टोबर रोजीं भारतीय खेळाडूंसाठीं त्याचें दार पूर्ण बंद झालें. त्यानंतर क्राफ्टन ह्या कोरियन कंपनीनें २ जुलै २०२१ रोजीं ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ ह्या नांवानें तोच खेळ नव्या वेषांत आणिला, आणि जुन्या खात्यांतील मिळकत नव्या खात्यांत आणण्याची सोय करून दिली. त्यासाठीं खेळाडूनें संमति द्यावयाची होती, आणि अखेरची मुदत ३१ डिसेंबर २०२१ ही होती. ज्यास ही वार्ता वेळेवर कळली त्याची दोन-तीन वर्षांची कमाई वांचली; ज्यास कळली नाहीं, त्याची गेली. पुढें २८ जुलै २०२२ रोजीं हाहि खेळ सरकारी आदेशानें ॲपांच्या दुकानांतून उतरविला गेला, आणि २०२३ च्या मे महिन्यांत अटींसह परत आला.

बंदी योग्य होती कीं अयोग्य, हा राजनीतीचा प्रश्न आहे. त्यांत येथें शिरावयाचें नाहीं. लक्षांत घ्यावयाची गोष्ट दुसरीच आहे. ह्या सर्व उलाढालींत सरकार होतें, जुनी कंपनी होती, नवी कंपनी होती. ज्यांच्या खात्यांची ही देवघेव चालली होती, तो खेळाडू मात्र कोठेंच नव्हता. त्याला जें परत मिळालें तें देणगी म्हणून मिळालें, हक्क म्हणून नव्हे. देणगी देणाऱ्याचे आभार मानावे हें खरें. पण ज्या वस्तूची देणगी होऊं शकते ती वस्तु देणाऱ्याची होती असें त्यांत गृहीत धरलेलें असतें, आणि वाद तर त्या गृहीतकाचाच आहे.

घरांतील वडील मंडळी येथें हंसतील. ‘खोट्या बंदुका आणि खोटे अंगरखे गेले, तर गेलें काय?’ असें ते विचारतील, आणि परीक्षेच्या दिवसांत मुलाचा मोबाइल काढून घ्यावा लागलेल्या आईस तर हें नुकसान नव्हे, लाभच वाटेल. ह्या हंसण्यांत तथ्य आहे. खेळाच्या नादानें झालेली हानि कोणीहि नाकारूं नये. परंतु गेलें काय, ह्याचें उत्तर बंदुकांच्या मोजदादींत नाहीं. कोंकणांतील घर हें आतां एका छपराखालीं राहिलेलें नाहीं. एक मुलगा गांवीं, एक पुण्यास शिकावयास, चुलतभाऊ डोंबिवलीस नोकरींत, आणि मामेभाऊ आखातांत. हे चौघे रात्रीं नऊ वाजतां ज्या एका ठिकाणीं नेमानें भेटत, तें ठिकाण हा खेळ होता. तेथें जें खातें होतें त्यांत त्या भेटींचा रोजनामा होता. जुन्या पिढीनें गणपतीच्या दिवसांतील पत्त्यांचे डाव स्मरणांत ठेविले. ह्या पिढीनें आपलें स्मरण कंपनीच्या वहींत ठेविलें. तेव्हां प्रश्न खोट्या बंदुकांचा नसून, माणसानें स्वतः घालविलेल्या काळाच्या नोंदीवर त्याचा कांहीं अधिकार आहे कीं नाहीं, हा आहे.

रत्नागिरी जिल्ह्याच्या वाचकास ह्या प्रश्नाची ठेवण ओळखीची वाटल्याशिवाय राहणार नाहीं. खोत हा मुळांत गांवाचा सारा गोळा करून सरकारांत भरणारा मक्तेदार. पुढें त्याचा मक्ता वंशपरंपरेचा झाला आणि बहुसंख्य गांवांतून तोच मालक असल्यासारखा वागूं लागला. त्याच्याखालीं कुळांच्या अनेक पायऱ्या होत्या. धारेकऱ्यानें केवळ सरकारी धारा भरावयाचा. अर्धेलीनें निम्में पीक द्यावयाचें, तिर्धेलीनें तिसरा हिस्सा. उभ्या पिकाची अभावणी खोतानें करावयाची, आणि तो सांगेल तो अंदाज कुळानें मानावयाचा. ह्या व्यवस्थेंतील जुलमाविषयीं बोलतांना आपण सामान्यतः खंडाचा आणि वेठीचा उल्लेख करितों. परंतु तिचें खरें मर्म वहींत होतें. कुळानें काय दिलें, काय राहिलें, त्याच्या बापानें ही जमीन किती वर्षें कसली, ह्या सर्वांचा पुरावा खोताच्या दप्तरांत. कूळ भांडावयास उठलें तर ज्याच्याशीं भांडावयाचें त्याच्याच पेटींतून पुरावा मागावा लागे. श्रम एकाचे आणि स्मृति दुसऱ्याची, अशी ही वांटणी होती. म्हणूनच सरकारी मोजणी झाली, आणि १८८० च्या खोती कायद्यानें बोटखतांत प्रत्येक कुळाचें नांव, त्याची जमीन व त्याचें देणें लिहिलें जाऊं लागलें, तेव्हां तो केवळ हिशेबाचा फेरफार नव्हता. कुळाचें अस्तित्व खोताच्या वहीबाहेर प्रथमच कागदावर आलें. मंडणगड तालुक्यांतील आंबडवे हें ज्यांचें मूळ गांव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं खोती नष्ट करण्याचें विधेयक १७ सप्टेंबर १९३७ रोजीं मुंबईच्या विधिमंडळांत मांडलें, आणि अखेर १९४९ च्या कायद्यानें ती पद्धति कायमची गेली. पण तिच्या शेवटाचा आरंभ कुळाचें नांव लिहिलें गेलें त्या दिवशींच झाला होता.

आतां उपमा कितीहि चपखल वाटली तरी ती प्रमाण नव्हे. खोत आणि खेळाची कंपनी ह्यांत एक मोठा भेद आहे, आणि तो प्रामाणिकपणें मान्य केला पाहिजे. खोतानें जमीन निर्माण केली नव्हती. कंपनीनें आपलें रणांगण खरोखरच निर्माण केलेलें आहे. तेथील डोंगर, नद्या, घरें, नियम, इतकेंच काय पण तेथील गुरुत्वाकर्षणसुद्धां शेंकडों कारागिरांनीं वर्षानुवर्षें बसून रचिलें. तेव्हां कंपनीची बाजू खोताच्या बाजूपेक्षां निःसंशय बळकट आहे, आणि पूर्वपक्ष म्हणून ती नीट मांडली पाहिजे.

कंपनी प्रथम असें म्हणेल कीं, खेळाडूनें करार मान्य केला आहे. जो मान्य नसेल त्यानें खेळूं नये. दुसरें, ती नोंद आमच्याच जगांत अर्थपूर्ण आहे. आमच्या रणांगणावरील पदवी बाहेर नेऊन कोणी काय करणार? तिसरें, नोंद खेळाडूच्या हातीं दिली तर लबाडी माजेल. खोट्या पदव्या आणि खोट्या वस्तु घेऊन लोक येतील, आणि प्रामाणिक खेळाडूचाच तोटा होईल. चौथें, एका डावांत शंभर जण असतात; एकाची नोंद देणें म्हणजे इतर नव्याण्णवांची देणें. आणि शेवटीं ती कदाचित् तत्त्वज्ञानाचाहि आधार घेईल: खेळ हा खेळासाठींच असतो, आनंद मिळाला, तेथेंच त्याचें फळ संपलें, मग मागें काय उरलें ह्याचा लोभ कशाला?

ह्यांतील पहिल्या आक्षेपाचें उत्तर सोपें आहे. करार नीतीनें बंधनकारक होतो तो दोन्ही पक्षांस ‘नाहीं’ म्हणण्याची खरी मोकळीक असते तेव्हां. ज्या करारांतील एकहि शब्द बदलून मागतां येत नाहीं, जो कंपनीस वाटेल तेव्हां बदलतां येतो, आणि ज्याखालीं अंगठा उठविणारा पुष्कळदां पंधरा वर्षांचा मुलगा असतो, त्या करारास कायदा काय म्हणेल तें म्हणो, नीति त्यास पूर्ण संमति म्हणणार नाहीं. कुळानेंहि खोताचा कागद मान्य केलेलाच असे. त्याला दुसरी जमीन कोठें होती? मुलालाहि, त्याचे तीन भाऊ ज्या खेळांत भेटतात तो सोडून दुसऱ्या खेळांत जाण्याची मोकळीक असते ती कागदापुरतीच.

दुसऱ्या आक्षेपास बुद्धिबळाचा खेळ उत्तर देतो. जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नियमांप्रमाणें प्रत्येक खेळाडूनें आपल्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या चाली डाव चालू असतांनाच स्वतःच्या हातानें लिहावयाच्या असतात; आणि त्याच नियमांत, तें नोंदपत्र स्पर्धेच्या आयोजकाच्या मालकीचें असतें, असेंहि स्पष्ट म्हटलें आहे. वरवर पाहतां हा कंपनीच्याच पक्षाचा पुरावा वाटेल. परंतु आयोजकाची मालकी कागदापुरती राहते, चालींपर्यंत पोहोंचत नाहीं. चाली दोन्ही खेळाडूंच्या असतात, पाहणाऱ्यांच्या असतात, उद्यां शिकणाऱ्याच्याहि असतात. २०१६ सालीं जागतिक अजिंक्यपदाच्या सामन्यांचे व्यापारी हक्क असलेल्या ॲगॉन ह्या कंपनीनें, डाव चालू असतांना इतरांनीं चाली प्रसिद्ध करूं नयेत म्हणून न्यायालयांत धांव घेतली. मॉस्कोच्या न्यायालयानें तिचा दावा फेटाळला, आणि कार्लसन व कार्याकिन ह्यांच्या लढतीच्या वेळीं न्यूयॉर्कच्या न्यायालयानेंहि मनाई हुकूम दिला नाहीं. २८ जुलै २०२५ रोजीं नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें बाटुमी येथें कोनेरू हंपीस हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला; तिचे डाव रत्नागिरींतील एखाद्या शाळकरी मुलीस त्याच दिवशीं आपल्या पटावर मांडून पाहतां आले. बुद्धिबळाची पदवीसुद्धां बुद्धिबळाच्या जगांतच अर्थपूर्ण असते. म्हणून ती आयोजकाची होत नाहीं. एखाद्या नोंदीस अर्थ कोठें आहे हें पाहून ती कोणाची, हें ठरत नाहीं.

नोंद ही खेळाडूची साक्षीदार असते, हा मुद्दा तर ह्याहून महत्त्वाचा आहे. पालवणकर बाळू हे आडनांवानें कोंकणचे आणि जन्मानें धारवाडचे. चांभार म्हणून पुण्याच्या क्लबांत त्यांना चहा वेगळ्या भांड्यांत, तोहि बाहेर मिळे. १९११ सालीं भारतीय क्रिकेट संघ इंग्लंडला गेला, त्या दौऱ्यांत बाळूंनीं ११४ बळी घेतले, तेहि सरासरी १९ हून कमी धावांत. इतकें करूनहि हिंदू संघाचें कर्णधारपद त्यांना कधींच मिळालें नाहीं. तें मिळालें त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल ह्यांस, १९२३ सालीं. ह्या दीर्घ झगड्यांत बाळूंच्या बाजूनें बोलणारा सर्वांत खंबीर साक्षीदार म्हणजे धांवफलकाची वही होती. क्लब व्यवस्थापकांचा होता, मैदान त्यांचें होतें, कर्णधार नेमण्याचा अधिकार त्यांचा होता; पण वही वर्तमानपत्रांतून घरोघर गेली होती, आणि ११४ हा आंकडा कोणाच्यानें पुसवेना. कल्पना करा कीं ती वही केवळ व्यवस्थापकांच्या कुलुपांत असती, आणि ‘मैदान आमचें म्हणून बळीहि आमचे’ असें त्यांस म्हणतां आलें असतें! मग अन्यायाविरुद्ध बोलावयास बाळूंपाशीं स्वतःच्या शब्दाशिवाय काय उरलें असतें? ज्या खेळाडूचें खातें आज एखाद्या आरोपावरून, पुष्कळदां यंत्राच्याच निर्णयानें, कायमचें बंद होतें, त्याची स्थिति नेमकी अशी असते. ‘मीं लबाडी केली नाहीं’ असें तो म्हणतो. पण तें सिद्ध करणारी नोंद आरोप करणाऱ्याच्या हातांत असते. आरोप खरा असेल किंवा खोटा असेल; पण आरोपी, न्यायाधीश आणि पुरावा ह्यांपैकीं शेवटचे दोन एकाच घरीं नांदत असतील, तर त्यास न्याय म्हणतां येत नाहीं.

तिसरा, म्हणजे लबाडीचा आक्षेप अगदीं रास्त आहे. पण तो भलत्याच मागणीस लागू पडतो. खेळाडूस आपल्या नोंदीची नक्कल मिळावी, ह्याचा अर्थ मूळ वहींत खाडाखोड करण्याची मुभा मिळावी असा नव्हे. विद्यार्थ्यास गुणपत्रिका मिळते, म्हणून विद्यापीठाचें मूळ पुस्तक त्याच्या स्वाधीन होत नाहीं. उलट नक्कल हातीं असली कीं, मूळ वहींत कोणी फेरफार केला तर तो उघडकीस येतो. म्हणजे ती प्रामाणिकपणास पोषकच ठरते.

चौथ्या आक्षेपांत खरी अडचण आहे, आणि तिच्यामुळेंच आपला सिद्धांत थोडा बारकाईनें मांडावा लागतो. चौघांनीं खेळलेला डाव एकाचाच नसतो. त्यांतील संभाषण तर मुळींच नसतें. ‘ही नोंद माझ्या मालकीची’ असें खेळाडूनें म्हटलें, आणि मालकी म्हणजे इतरांस वगळण्याचा हक्क असें मानिलें, तर चौघेहि एकमेकांस वगळूं पाहतील, आणि आपण कंपनीच्या जागीं चार लहान खोत बसवूं. म्हणून खेळाडूचा हक्क शेतजमिनीच्या मालकीसारखा नाहीं. तो इतरांस वगळण्याचा हक्क नसून, स्वतः वगळलें न जाण्याचा हक्क आहे. विहीर गांवाची असेल, तिचा मालक मी नसेन. पण ती खणतांना मीं घाम गाळला असेल तर मला पाण्यापासून दूर ठेवण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. माझ्या हातून जें झालें तें मला पाहतां यावें, त्याची नक्कल मिळावी, आणि मला न कळवितां तें नष्ट होऊं नये. इतरांचें खाजगी बोलणें मात्र त्यांच्या संमतीशिवाय माझ्या नकलेंत येऊं नये. एवढ्या मर्यादेंत ह्या हक्काचा कोणाच्याहि न्याय्य हक्काशीं विरोध येत नाहीं.

आतां शेवटचा, फळाच्या लोभाचा आक्षेप. तो वरकरणी उदात्त आहे, आणि आपल्या संस्कारांस जवळचाहि. कर्म करावें आणि फळाची आसक्ति सोडावी, ही शिकवण ज्या घरांतून रोज उच्चारली जाते, तेथें ‘माझ्या डावांची नोंद मला द्या’ ही मागणी हलकी वाटण्याचा संभव आहे. परंतु त्याग आणि अपहार ह्यांत भेद आहे. फळ सोडावयाचें तें करणाऱ्यानें. दुसऱ्यानें तें उचलून न्यावें आणि वर निष्काम कर्माचा उपदेश करावा, असें कोणत्याहि शास्त्राचें सांगणें नाहीं. कंपनी स्वतः तें फळ सोडीत नाहीं. त्या नोंदींतून ती माणसाच्या संवयी शिकते, आणि त्या ज्ञानावर पुढचा व्यापार रचिते. ज्या वस्तूस एका बाजूनें मोल आहे, ती दुसऱ्या बाजूनें निर्मोल कशी?

ह्या संदर्भांत लोकमान्य टिळकांच्या चरित्रांतील एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. १८५६ सालीं रत्नागिरींत जन्मलेल्या ह्या पुरुषानें मंडालेच्या तुरुंगांत ‘गीतारहस्य’ लिहिलें. वह्या तुरुंगाच्या देखरेखीखालच्या, जागा तुरुंगाची. १९१४ सालीं सुटका झाली तेव्हां सरकारनें त्या वह्या तपासणीसाठीं ठेवून घेतल्या, आणि कांहीं काळानें परत दिल्या. १९१५ सालीं ग्रंथ प्रसिद्ध झाला. परकी आणि संशयी सरकारासहि, ‘कागद आमच्या ताब्यांतला म्हणून त्यावरील विचार आमचा’ असें म्हणतां आलें नाहीं. आणि वह्या परत आल्या नसत्या तरी त्यांतील विचार लेखकाच्या डोक्यांत होता. तो पुन्हा लिहितां आला असता. आजच्या खेळाडूची अवस्था ह्या दृष्टीनें कैद्याहून दुबळी आहे. त्याचा डाव त्याच्या डोक्यांत नाहीं, वहींतच आहे; वही गेली कीं सर्वच गेलें.

ह्या विवेचनावरून असें दिसेल कीं, ‘खेळाचा डेटा’ ह्या एका शब्दाखालीं तीन निरनिराळ्या वस्तु दडलेल्या आहेत, आणि त्यांचा न्याय निरनिराळा आहे. पहिली म्हणजे खेळाडूविषयींची माहिती: त्याचें नांव, ठिकाण, बोलणें, खर्च, जागण्याच्या वेळा. हिच्यावर त्याचा अधिकार सर्वांत बळकट, कारण ही माहिती म्हणजे तो स्वतःच होय. दुसरी म्हणजे त्याच्या कर्तबगारीची नोंद. तिची नक्कल मिळण्याचा त्याला हक्क आहे, पण ती एकट्याची नाहीं. तिसरी म्हणजे खेळांतील वस्तु आणि खुद्द खेळ. येथें कंपनीचें निर्मातेपण मान्य करून, पैसे घेऊन दिलेली वस्तु अवचित नाहींशी न करण्याचें, आधीं सूचना देण्याचें, आणि शेवट सभ्यपणें करण्याचें बंधन तेवढें तिजवर घालतां येईल. कंपनीनें रणांगण अनंतकाळ चालवीत राहावें असें म्हणणें अन्यायाचें होईल. पट गुंडाळण्याचा अधिकार पटवाल्यास आहेच.

कायद्याची गति ह्या दिशेनें आहे, पण मंद आहे. युरोपांत २५ मे २०१८ पासून आपली माहिती उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क नागरिकांस मिळाला. आपल्याकडे न्यायमूर्ति श्रीकृष्ण समितीनें त्याच वर्षीं तसाच हक्क सुचविला, २०१९ च्या विधेयकांत तो होताहि. परंतु तें विधेयक २०२२ सालीं मागें घेतलें गेलें, आणि २०२३ चा जो कायदा झाला त्यांत माहितीचा सारांश पाहण्याचा, ती दुरुस्त करून किंवा पुसून घेण्याचा, आणि आपल्या पश्चात् हे हक्क बजावण्यासाठीं वारस नेमण्याचा अधिकार आहे. पण ती बरोबर नेण्याचा नाहीं. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरांत प्रसिद्ध झाले, आणि त्यांतील मुख्य बंधनांस त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यांत आली. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतींत पालकांची पडताळलेली संमति घ्यावी आणि त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवूं नये, असेंहि ह्या कायद्यांत आहे; घरोघरच्या आईबापांनीं निदान एवढें कलम तरी जाणून घ्यावें. तिकडे युबिसॉफ्ट ह्या फ्रेंच कंपनीनें ‘द क्रू’ हा विकत दिलेला खेळ ३१ मार्च २०२४ रोजीं कायमचा बंद केला, तेव्हां त्यांतून उठलेल्या चळवळीच्या अर्जावर युरोपांत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. आणि कॅलिफोर्नियांत १ जानेवारी २०२५ पासून, जी वस्तु खरोखर विकलेली नसून केवळ परवान्यानें दिलेली आहे, ती ‘विकत घ्या’ म्हणून खपवितांना तसें स्पष्ट सांगणें व्यापाऱ्यास भाग झालें. शब्दाचा हा प्रामाणिकपणा लहान वाटतो. पण अन्यायाचें पहिलें आश्रयस्थान बहुधा शब्दांतच असतें.

ह्या सर्व हक्कांत अगोदर कोणता मागावा, ह्याचें उत्तर कोंकणच्याच इतिहासांत आहे. खोती जावयास सत्तर वर्षें लागलीं. पण कुळाचें नांव सरकारी कागदांत आलें, आणि तें पाहण्याची सोय झाली, तेथून पुढील सर्व लढ्यांस पाय ठेवावयास जागा मिळाली. आज महाराष्ट्रांतील कोणताहि शेतकरी तलाठ्याच्या दप्तराचा मालक नाहीं. तरी सातबाराचा उतारा तो हक्कानें मागतो, आणि त्या एका कागदाच्या बळावर बँकेपासून न्यायालयापर्यंत उभा राहतो. खेळाडूसहि प्रथम एवढेंच हवें आहे. वही कंपनीपाशीं असूं द्या. तींतील आपल्या नांवाचा उतारा मागण्याचा अधिकार त्याला असूं द्या. जो समाज भातशेतीच्या बाबतींत हा न्याय शिकण्यासाठीं एवढा झगडला, त्यानें आपल्या मुलांना तो खेळाच्या बाबतींत नव्यानें, तितक्याच कष्टानें शिकावयास लावूं नये.